कुंदनची चासी

आमच्या गाळ्यात येणारा प्रत्येक माणूस आधी त्या चासीकडे बोट दाखवतो आणि मग स्वतःच्या गाडीचं रडगाणं सुरू करतो. हे काय आहे, कुठल्या सालचं, विकायचंय का, किलोवर देणार का. किलोवर! एकाला मी सांगितलं, तुमची गाडी घेतो की किलोवर, बोला. तो गेला तो परत काय आला नाही. बायको म्हणते, तोंडानं गिऱ्हाईक कसं घालवावं हे तुमच्याकडून शिकावं. म्हणू दे. मी धम्मपाल, रबाळ्याच्या एमआयडीसीत जुन्या गाड्यांचं काम करतो आणि या एका बाबतीत माझं डोकं लवकर फिरतं.

नुसती बघितली तर ती शिडी वाटते. दोन लांबच लांब लोखंडी पट्ट्या, मधे आडव्या पट्ट्या, चार लोखंडी घोड्यांच्या टेकूवर आडवी ठेवलेली. चाकं नाहीत, इंजिन नाही, वर बॉडी नाही. पॅकार्डची चासी आहे ती, गाडीचा खालचा सांगाडा. अमेरिकन गाडी, स्वातंत्र्याच्या आधीची. कुणा संस्थानिकाची होती म्हणतात. जुन्या गाडीबद्दल लोक नेहमीच असं म्हणतात, त्यात काय दम नसतो. पण ज्यानं घेतली असेल तो मोठा माणूस असणार हे नक्की, कारण मागच्या सीटवर माणूस पाय पसरून झोपेल एवढी ती लांब आहे. इंजिन आणि बॉडीचे तुकडे मागच्या भिंतीला ठेवलेत.

ही गाडी कुंदनला सापडली. कुंदन म्हणजे हिरामणशेठचा मुलगा, आणि हिरामणशेठ म्हणजे आमचे गाळामालक. रबाळ्याचे आगरी. बापजाद्यांची भातशेती आणि मिठागर सरकारनं घेतलं, बदल्यात जे मिळालं त्यावर त्यांनी गाळे बांधले, चाळ बांधली. गळ्यात जाड चेन, पायात रबरी स्लिपर, असा माणूस. तर भाऊबीजेला ते समुद्रकाठच्या मोऱ्याला बहिणीकडे गेले, बरोबर हा. तिकडे शेजारच्या बंद बंगल्याच्या आवारात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली ह्याला दिसली. कोंबडी कशावर बसलीय बघायला वाकला, तर खाली चामड्याची सीट. ओवाळून घ्यायचं राहिलं बाजूला, हा गडी संध्याकाळपर्यंत त्या आवारातून बाहेर निघाला नाही. शेवटी बापानंच बंगलेवाल्याशी बोलून गाडी घेतली, आणि ट्रेलरवर घालून ती आमच्याकडे आणली.

बॉडी खाऱ्या वाऱ्यानं खाल्ली होती. हात लावला की पापुद्रे हातात. मी म्हटलं, कुंद्या, हिच्यात काय जीव नाही. तो म्हणाला, धम्मादा, चासी बघ ना. चासी खरंच शाबूत होती. वरून गंज, पण खाली लोखंड असं की हातोडी मारली तर खणखणीत वाजायचं.

कुंदन तसा शिकलेला. डिप्लोमा करून एका कंपनीत टाय लावून जायचा. एक दिवस टाय काढून आमच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, आजपासून मी इथं. हिरामणशेठ माझ्यावरच भडकले, तू पोराला बिघडवलास म्हणून. पण पोरगं कामाला वाघ होतं आणि जिभेला गोड. दोन आठवड्यांत बाप स्वतः डबा घेऊन यायला लागला.

त्याची एक खोड होती. गाडी खोलताना कुठला नट कुठं, कुठली पट्टी कशी, हे लोक फोनमध्ये फोटो काढून ठेवतात. हा चासीवरच लिहायचा. खडूनं. कानावर सुताराच्या पेन्सिलीसारखा खडू अडकवलेला असायचा, आणि वायर ब्रशनं साफ केलेल्या त्या काळ्या लोखंडावर इकडून तिकडे लिहीत सुटायचा. ‘इथे दोन वायसर.’ ‘हा नट उलटा फिरतो, जोर करू नका.’ एका आडव्या पट्टीवर बाण काढून ‘धम्मादा, डोकं’, कारण तिथं मी रोज डोकं आपटून घ्यायचो आणि रोज शिव्या द्यायचो. मधेच गावच्या क्रिकेटचा स्कोअर. मधेच ‘पप्पांकडे नवीन टायरचा विषय काढणे (जेवल्यावर)’. पूर्ण चासी त्यानं अशी भरवून टाकली होती. मागच्या बाजूला, सीट जिथं बसणार तिथं, गिरवून गिरवून जाड केलेलं: ‘आई इथे बसणार. पायरी चार बोटं खाली घेणे.’

आई म्हणजे पुतळाकाकी. त्यांचे गुडघे गेलेत. गाडी तयार झाली की पहिली खेप एकविरेला, आणि आईला मागच्या सीटवर राणीसारखी बसवून न्यायची, असं त्यानं घरात जाहीर केलं होतं. काकी हसायच्या. म्हणायच्या, तवर मी डोंगर चडून दर्शन घेऊन पन येन.

आणि मग मागच्या वर्षी गणपतीच्या तोंडावर त्याला ताप आला. डेंग्यू. आमच्याकडे अर्ध्या वस्तीला येतो, गोळ्या खातात, नारळपाणी पितात, उठतात. त्यालाही तसंच वाटलं, आम्हालाही. वाशीला हॉस्पिटलात नेला तेव्हा गाडीत बसता बसता मला म्हणाला, इंजिनच्या तोंडावर कापड टाक, उंदीर शिरतील. मी कापड टाकलं. तो आठवडा काही त्याला पुरा मिळाला नाही. सत्तावीस वर्षांचा पोरगा. मला अजून कळत नाही, हे असं कसं होतं. लोक म्हणतात, नशीब. मला त्या शब्दाचा संताप येतो.

तेराव्यानंतर हिरामणशेठ गाळ्यावर यायला लागले. संध्याकाळी, कामगार हात धुवायला गेले की. यायचे, स्लिपर दारात काढायचे, देवळात काढतात तशा, आणि चासीभोवती फिरायचे. ते चौथी शिकलेत. अक्षराला अक्षर लावून वाचतात, ओठ हलवत. सगळं वाचून व्हायला त्यांना बराच वेळ लागायचा, आणि वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून. बोट अक्षरांवरून फिरवायचे, पण टेकवायचे नाहीत. खडू तो. टेकवलं की जाणार.

मला पहिल्यांदा भरून यायचं. मग हळूहळू चिडचीड व्हायला लागली, कारण मी लोखंडाचा माणूस आहे. उघडं लोखंड खाडीच्या हवेत ठेवलं की ते वाट बघत नाही. मी एकदा स्पष्ट बोललो, शेठ, ही ब्लास्टिंगला पाठवू, गंज उडवू, रेड ऑक्साइड मारू, मग काम पुढं सरकवू. पोराची इच्छा होती ना. ब्लास्टिंग म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. वाळूचा मारा करून लोखंड नागडं करतात. त्यावर अक्षर कसलं राहतंय.

ते म्हणाले, थांब जरा.

पावसाळ्यात आम्ही तिला प्लास्टिक बांधलं. मी रोज कडेकडेनं तेलाचं फडकं फिरवायचो, अक्षरं वाचवून. तरी काही जागी गंज अक्षरांच्या खालून वर यायला लागला. मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, मी सगळ्याचे फोटो काढलेत, एकेक शब्द आहे, मोठे करून देतो, फ्रेम करा, घरात लावा. आता गाडी वाचवू. नाहीतर दोनेक वर्षांत ना अक्षर राहील ना चासी.

तेव्हा त्यांनी माझा फोन हातात घेतला, एका फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “काच लागते रे हाताला. त्याचा हात कुठं लागतो?”

मी फोन खिशात घातला आणि तेलाचं फडकं उचललं.

पुतळाकाकी मात्र एकदाही आल्या नव्हत्या. गाळ्याचं नाव काढलं की उठून आत जायच्या. शेठनी त्यांना चासीवर काय आहे ते सांगितलंच नव्हतं. काकी शाळेत गेलेल्या नाहीत, मिठागरावर वाढल्या, अक्षर ओळखीचं नाही. शेठ मला म्हणायचे, वर्षश्राद्ध झालं की तिला आणतो आणि सगळं वाचून दाखवतो. वर्षश्राद्ध झालं. मग म्हणाले, पितृपक्ष जाऊ दे. मग म्हणाले, दसरा होऊ दे. मी ओळखलं होतं काय ते. ‘आई इथे बसणार’ हे बायकोसमोर मोठ्यानं वाचायची त्यांची छाती होत नव्हती.

आणि तिकडे घरात वेगळंच पेटलं होतं. काकींना दिसत होतं एवढंच की पोराची गाडी वर्षभर तशीच पडलीय, धूळ खात, आणि बाप तिला हात लावू देत नाही. गावात बायका बोलायच्या. माझी बायको एकदा भेटायला गेली तेव्हा काकी तिच्याजवळ रडल्या. म्हणाल्या, ह्यांनी पोराचा फोटो भिंतीवर टांगला आणि मोकले झाले. त्याची गाडी सडवतायत. नवरा-बायको एका ताटात जेवणारी माणसं, पण वर्षभर त्यांच्यात मीठ दे, पाणी दे याच्यापलीकडे शब्द नाही. मी शेठना म्हटलं, अहो, सांगून टाका ना एकदाचं. ते मान हलवायचे आणि जायचे.

दसऱ्याला आमच्या पट्ट्यात सगळीकडे मशिनी आणि गाड्या धुतात. धुतल्याशिवाय पूजा नाही. रिक्षा धुतात, क्रेन धुतात, लेथ पुसून लख्ख करतात, मग हळदकुंकू, झेंडू, नारळ. मागच्या दसऱ्याला शेठच्या घरात सुतक सरलं असलं तरी वर्षाचं दुःख होतं, सण नव्हता. हा दसरा पहिला.

मी त्या दिवशी सकाळी तुर्भ्याच्या विहारात असतो. आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे, वंदना, मग खीर. गाळा बंद असतो, कामगारांना सुट्टी. वंदना झाली आणि फोन वाजला. शेजारच्या कंपनीचा वॉचमन, मिथुन. म्हणाला, तुमच्या शटरखालून पाणी येतंय, नळ चालू राहिला काय बघा. मी शिव्या घालत निघालो. पांढऱ्या कपड्यांत, खीर न खाता.

शटर अर्धं वर होतं. दुसरी चावी शेठच्या घरी असते. वाकून आत गेलो, तर पुतळाकाकी. लुगडं वर खोचलेलं, केस सुटलेले, हातात नारळाची शेंडी, बाजूला धुण्याच्या पावडरीची बादली आणि माझा डिझेलचा डबा. नळाची नळी जमिनीवर वाहतेय. प्लास्टिक घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं. आणि मधे चासी, ओलीचिंब, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी कुळकुळीत.

खरं सांगतो, पहिला विचार माझ्या डोक्यात धंद्याचा आला. उघड्या लोखंडावर पाणी मारलं, उद्या सकाळी लाल होणार. ओरडायला तोंड उघडलं आणि मग दिसलं, काय दिसत नाहीय ते. बाण नव्हता. वायसर नव्हते. स्कोअर नव्हता. जमिनीवरून पांढरट पाणी गटाराकडे चाललं होतं.

काकींनी मला बघितलं आणि माझ्यावरच घसरल्या. म्हणाल्या, तुझ्या माणसांना अक्कल आहे का नाही, माझ्या पोराच्या गाडीवर सगळ्या रेघोट्या मारून ठेवल्यात, पाटी आहे का ती? बाप लक्ष देत नाही म्हणून कोणीपण यावं आणि खरडावं? सकाळपासून घासतेय. मग मला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं आणि एक जागा दाखवली.

“हितं लय जोर लावायला लागला,” त्या म्हणाल्या. “कोनी गिरवून गिरवून लिवलाता, काय म्हाईत.”

त्यांची बोटं सोलवटली होती. मी त्या जागेकडे बघत राहिलो. मी म्हटलं, हो काकी, चुकलं, कामगारांनी केलं असेल, त्यांना बघतो मी. त्या म्हणाल्या, सणाचा दिवस आहे, आज नको ओरडू.

मी बाहेर जाऊन शेठना फोन लावणार होतो. त्यांना निदान वाटेत कळावं, एकदम डोळ्यांवर येऊ नये. पण तेवढ्यात त्यांची गाडी आलीच. बायको घरात नाही, चावी खिळ्यावर नाही, हे बघून ते निघाले होते. हातात झेंडूच्या माळा होत्या, त्या घरच्या गाडीसाठी घेतलेल्या. नेहमीसारख्या त्यांनी दारात स्लिपर काढल्या आणि आत आले.

मी त्यांच्याकडे बघायला नको होतं, पण बघितलं. ते पाण्यात अनवाणी उभे राहिले. मग नेहमीच्या जागेवरून सुरुवात करून चासीभोवती फिरायला लागले. ओठ हलायला लागले होते, सवयीनं, आणि मग थांबले. या वेळी बोट त्यांनी टेकवलं. टेकवूनच सगळीकडे फिरवलं. बोटाला नुसतं पाणी लागत होतं.

काकी हात पुसत उभ्या होत्या. वर्षभरानं नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या, शाळेतली पोर बाईंकडे बघते तशा.

“खालून बी धुतलीस का?” शेठनी विचारलं.

काकी म्हणाल्या, हो तर, गोणपाट टाकून आत सरकले, गुडघ्यानं जीव काढला, पण कोपरा न् कोपरा घासला. शेठनी मान हलवली. तरीपण ते खाली बसले, मग आडवे झाले, त्या गोणपाटावर, चासीच्या खाली. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, पोट सुटलेला. त्यांची पावलं तेवढी बाहेर दिसत होती. बराच वेळ ते तिथं होते. मला कळत होतं ते काय शोधतायत. एखादं अक्षर, एखादी काना-मात्रा, खालच्या बाजूला, घासणाऱ्या हातातून सुटलेली.

काकी मला हळूच म्हणाल्या, बघ, कसा तपासतोय, जसा कायी मी कामात कुचराई केली.

शेठ बाहेर आले. पाठ सगळी भिजलेली. काकींनी पदरानं त्यांची पाठ पुसली आणि विचारलं, झाली का बरोबर?

त्या क्षणी मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. सगळं ओरडून सांगणार. त्याचा हक्क होता तो. माझंच तोंड फुटेल असं मला वाटत होतं, मी दात घट्ट दाबून धरले होते. शेठनी बायकोचे सोलवटलेले हात बघितले.

“चांगली धुतलीस,” ते म्हणाले. “एक डाग नाय ठेवलास.”

मग माझ्याकडे वळून, आवाज अगदी नेहमीचा, गिऱ्हाईकासारखा, म्हणाले की उद्या ब्लास्टिंगवाल्याला बोलव, काम सुरू करायचं. मी हो म्हटलं.

काकींच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. त्यांना वाटलं, आपण धुतली म्हणून झालं. आपण हट्टानं आलो म्हणून नवऱ्याचं मन वळलं. त्यांनी लगबगीनं पिशवीतून हळदकुंकवाची वाटी काढली, माळ उचलली, आणि वाटी नवऱ्यापुढं धरली. म्हणाल्या, मला लिहिता येत नाही, तुम्हाला येतं. पुढच्या पट्टीवर त्याचं नाव लिहा. त्याची गाडी आहे, नाव नको?

शेठनी कुंकवात बोट बुडवलं. चासीजवळ गेले, वाकले. बोट लोखंडापर्यंत नेलं आणि ते तिथंच अडलं. ‘कु’ची रेघसुद्धा निघेना. मग त्यांच्या गळ्यातून असा आवाज निघाला की दारातून मिथुन आत डोकावला, त्याला मी हातानं जा म्हटलं. ते चासीला डोकं टेकवून रडत होते, सगळ्या अंगानं. वर्षभर मी त्यांना रोज बघत होतो, असं कधी रडले नव्हते. कुंकू त्यांच्या कपाळाला, शर्टाला, सगळीकडे लागलं.

मी पुढं झालो नाही. काकी गेल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांच्याजवळ बसल्या, त्यांचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवायला लागल्या, लहान पोराच्या फिरवतात तसा. त्याही रडत होत्या, पण त्यांच्या रडण्यात मोकळं झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बघवत नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, रडा, रडा, आता बरं वाटेल. मी नळ बंद केला. पाणी अजून गटाराकडे चाललं होतं, आता साफ झालेलं.

“मना वाटला,” काकी म्हणाल्या, “तुमी त्याला इसरलाव.”

“नाय गं,” शेठ म्हणाले. “नाय इसरलो.”